दोनदा तपासलेले ब्रेक

अण्णा,

आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा अधिकार खरं तर माझा नाही. मी तुमचा नातेवाईक नाही, गाववालाही नाही. आपली ओळख जेमतेम दीड वर्षाची, आणि त्यातले शेवटचे दोन महिने तुम्ही माझ्याशी जवळजवळ बोललाच नाहीत. मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर कुणीतरी लिहावं असं ठरलं, तेव्हा मंदाकाकूंनी माझं नाव सांगितलं. मी म्हटलं, काकू, तुम्ही त्यांची मुलगी, तुम्हीच लिहा. मला असलं येत नाही, आमच्या घरात पत्रापलीकडे कुणी कधी काही लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मग पत्रच लिही." म्हणून हे पत्र.

पण माफी मागून झाल्यावर एक गोष्ट सांगतो, तिची माफी मागणार नाही. अंकाच्या संपादकांनी मला तुमच्या माहितीचा एक कागद पाठवला होता. त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक'. मी ती ओळ खोडून कागद परत पाठवला. त्यांचा फोन आला. "अरे सुनील, एअर फोर्समध्ये होते ना ते? मग? फिटर म्हटल्यावर लोकांना काय कळणार? गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले लिहावेत." मी म्हटलं, तसं छापणार असाल तर माझा लेख नको. वडीलधाऱ्या माणसाशी मी आयुष्यात पहिल्यांदा असा बोललो. पण ओळ खोडलेलीच राहिली.

तुम्ही फिटर होतात. माझे वडील बार्शीला एस.टी.च्या डेपोत फिटर आहेत. फिटर म्हटलं की काय कळायला हवं, ते मी सांगतो.

आपण भेटलो ते बसमध्ये. स्टेट कॉलेज या आमच्या इथल्या विद्यापीठाच्या गावात कॅम्पसभोवती गोल फिरणारी एक फुकट बस आहे, ती तुम्ही हिवाळ्यात सकाळी दहाला पकडायचात आणि तीन-चार फेऱ्या मारून जेवायला घरी जायचात. मंदाकाकू ऑफिसला, काका वर्गावर. "घरात हीटर काय बोलतो तेवढंच," असं तुम्ही म्हणायचात. मी त्या दिवशी प्रयोगशाळेत निघालो होतो. मांडीवर माझ्या थीसिसमधलं एक ड्रॉइंग होतं, भोकं पाडलेल्या पट्टीचं. मी अजूनही टिपणं मराठीत लिहितो, कारण विचार मराठीतच सुचतो. तुम्ही शेजारून मान तिरकी करून माझी टिपणं वाचलीत आणि ओळख ना पाळख, विचारलंत, "भोकं शेपटीसाठी ना रे?"

मी बघतच राहिलो. ही गोष्ट नीट समजायला मला स्वतःला एक सेमिस्टर लागलं होतं. वाऱ्यात आडवी पट्टी उभी केली की तिच्यामागे हवा घुसळते. पट्टी पंखावर असेल तर ती घुसळलेली हवा विमानाच्या शेपटीवर जाऊन आदळते आणि शेपूट थरथरायला लागते. पट्टीला भोकं पाडली किंवा फटी ठेवल्या तर हवा थोडी थोडी निसटते आणि शेपूट शांत राहते. मी विचारलं, "आजोबा, तुम्ही इंजिनिअर का?"

"सातवी पास," तुम्ही म्हणालात. "पण असल्या पट्ट्या दोन वर्षं उघडल्यात आणि मिटल्यात."

त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या थांब्यावर उतरलो नाही. दोन फेऱ्या तुमच्याबरोबर फिरलो.

हा अंक वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. त्या महायुद्धात एका जातीची विमानं होती, ती बॉम्ब टाकायला आडवी उडत जात नसत. लक्ष्याच्या बरोबर वर यायचं, नाक खाली करायचं आणि दगडासारखं सरळ खाली पडायचं. खूप खाली आल्यावर बॉम्ब सोडायचा आणि ओढून विमान वर काढायचं. असं पडताना वेग इतका वाढतो की विमान वर काढायला जागाच उरत नाही. म्हणून पंखांवर ब्रेक असायचे, वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या जाळीच्या पट्ट्या. तुमच्या विमानाचं नाव व्हेंजन्स. बांधलं इथे अमेरिकेत, मागवलं इंग्रजांनी, आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यातली काही आपल्या पोरांच्या वाट्याला आली. मिरजेच्या गवंड्याचा मुलगा विसाव्या वर्षी आसामकडच्या धावपट्टीवर त्या ब्रेकांची देखभाल करत होता. ते तुम्ही.

आपलं पहिलं भांडण लायब्ररीत झालं. मी मोठ्या हौशीने व्हेंजन्सवरची माहिती शोधून काढली होती आणि ती सगळी वाईट होती. मी वाचून दाखवत गेलो. पंख शरीराला शून्य अंशात बसवलेला, त्यामुळे सरळ उडताना नाक वर, आणि वैमानिकाला पुढचं धड दिसत नाही. इंजिन तेल पिणारं. आणि पंखाचा तो विचित्र वाकडा आकार कशामुळे, तर वजनाचा तोल काढताना चूक झाली म्हणून. मी म्हटलं, "अण्णा, डिझाइन फसलेलं होतं."

तुम्ही इतक्या मोठ्याने "फसलेलं?" म्हणालात की समोरच्या मुलीने हेडफोन काढला.

"साधा पंख थोडा वर उचललेला असतो, बरोबर? सरळ उडायला बरा. पण खाली पडतानाही तो उचलतच राहतो. विमान रेषेवरून सरकतं. वैमानिक दांडी पुढे रेटत बसतो. आमचा पंख शून्यात होता, म्हणून ते ओळंब्यासारखं पडायचं. ओळंबा! माझा बाप भिंत बांधताना सोडायचा तसा. नाक वर करून उडायचं ते, मला मान्य आहे. घमेंडी वाटायचं. पण ते उडायला केलंच नव्हतं, ते पडायला केलं होतं."

"आणि वाकडा पंख?"

"तोल चुकला, म्हणून पंख जरा मागे घेऊन जुळवला. चूक कळल्यावर विमान फेकून नाही दिलं, दुरुस्त केलं. त्याला फसलं म्हणतोस? तुझ्या बापाला विचार, फसलेली गाडी आणि दुरुस्त केलेली गाडी यात काय फरक असतो ते."

मी रविवारी खरंच फोन करून वडिलांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "कोण आहेत रे हे? नमस्कार सांग त्यांना." तो नमस्कार मी तुम्हाला सांगितला होता. तुम्ही सांगितलेला उलटा नमस्कारही पोचवला. माझ्या वडिलांना अमेरिकेतून आलेला तो पहिला निरोप. मी शिकतो ते काय शिकतो, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. पट्टी, भोकं, ब्रेक. याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. आता मानतो.

दुसरं भांडण आमच्या अपार्टमेंटमध्ये झालं. तुम्ही माझा रूममेट निखिल याच्या हातची खिचडी खायला आला होतात. टीव्हीवर इराकची दृश्यं चालू होती. विमानातून घेतलेली, करडी, मधोमध फुली असलेली. फुलीखालची इमारत धुरात गेली. निखिल म्हणाला, "यार, काय ॲक्युरसी आहे!"

तुम्ही विचारलंत, "खाली कोण होतं?"

"टार्गेट होतं, अण्णा."

"आम्हीपण तेच म्हणायचो," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्या दिवशी फोटो यायचे. झाडं मोडलेली, खड्डे बरोबर जागेवर. आम्ही फिटर लोक टाळ्या वाजवायचो. फोटोत माणूस दिसायचा नाही. इतक्या वरून दिसत नाही."

मी म्हणालो की तुम्ही फक्त ब्रेक बघायचात, बॉम्ब तुमच्या हातात नव्हते. मला वाटलं, मी तुमची बाजू घेतोय. तुम्ही चिडलात. "ब्रेकशिवाय नेम लागत नाही. नेम चांगला लागला तर त्यात माझा हात आहे. आणि चांगल्यात हात आहे म्हटलं की सगळ्यातच आला." निखिलने टीव्ही बंद केला. हे भांडण आपण पुरं केलं नाही.

आणि मग ते विमान संग्रहालय. निखिलच्या जुन्या गाडीतून शेजारच्या राज्यात, पहाटे निघून. व्हेंजन्स तिथे नव्हतंच. तुम्ही म्हणालात, "आम्हाला कोण ठेवतंय." पण त्याच कामाचं एक दुसरं अमेरिकन विमान होतं, पंखामागे भोकं पाडलेल्या पट्ट्या असलेलं. तुम्ही दोरीच्या अलीकडे दहा मिनिटं नुसते उभे राहिलात. मग सरळ दोरीखालून वाकलात आणि ब्रेकच्या बिजागरीवर बोट फिरवलंत.

लाल जाकीट घातलेले एक म्हातारे स्वयंसेवक धावत आले. "सर! सर, प्लीज डोन्ट टच!"

तुम्ही बोट त्यांच्यासमोर धरलंत. "ड्राय," तुम्ही म्हणालात. "नो ग्रीस."

ते गोंधळले. "सर, इट डझन्ट फ्लाय एनीमोअर."

"सो? हिंज इज हिंज."

ते हसायला लागले. मग त्यांनी आदराने विचारलं, "वेअर यू अ पायलट, सर?"

अण्णा, त्या वेळी आजूबाजूला आठ-दहा माणसं जमली होती. एक बाई मुलाला कडेवर घेऊन ऐकत होती. हो म्हटलं असतंत तर कुणी विचारणार नव्हतं. तुम्ही ताठ झालात आणि म्हणालात, "नो. फिटर. आय ओपन्ड देम अँड आय क्लोज्ड देम." लाल जाकीटवाल्यांनी तुमच्याशी हात मिळवला, दोन्ही हातांनी. संपादकसाहेबांना मी हा प्रसंग फोनवर सांगितला होता. तो छापायला हरकत नाही म्हणाले. बघू.

परत येताना दुपारी बर्फ भुरभुरत होतं. निखिल गाडी हळू चालवत होता. तुम्ही मागच्या सीटवर होतात, आम्हाला वाटलं, झोपलात. आणि एकदम बोलायला लागलात.

तुम्ही सांगितलंत की तुमची स्वतःची एक पद्धत होती. उड्डाणाआधी ब्रेक तीनदा उघडायचे, तीनदा मिटायचे. पुस्तकात एकदाच लिहिलं होतं. पण पहिल्यांदा तेल गार असतं, दुसऱ्यांदा नळीत हवेचा बुडबुडा असला तर सरकतो, आणि तिसऱ्यांदा जे दिसतं ते खरं. तिसऱ्यांदा नीट उघडले की मगच विमानाच्या फॉर्मवर सही. तुमच्या विमानाचे वैमानिक बंगलोरकडचे होते, बावीस वर्षांचे. त्यांनी तुमच्याकडून एकच मराठी वाक्य शिकून घेतलं होतं. चढायच्या आधी ब्रेकवर बोटाने टकटक करून विचारायचे, "उघडतील ना रे?" तुम्ही म्हणायचात, "उघडतील, साहेब."

त्या सकाळी घाई होती. हुकूम अचानक आला. तुम्ही दोनदा उघडले, दोनदा मिटले, तेवढ्यात जीपमधून साहेब आले, मागे बसणारा गनर आला. तुम्ही सही केलीत. साहेबांनी टकटक केली. "उघडतील ना रे?" "उघडतील, साहेब."

सहा विमानं गेली, पाच आली.

तुम्ही म्हणालात, "एकामागे एक सहा पडली. तिसरं आमचं. ते वर निघालंच नाही. गोळी लागली म्हणाले कुणी, कुणी म्हणाले साहेबांना घेरी आली. चौकशी झाली. अधिकाऱ्यांनी काय लिहिलं ते फिटरला कोण दाखवतंय? मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं."

मग म्हणालात, "दोनदाच उघडले होते मी."

निखिलने गाडी एका पेट्रोल पंपावर थांबवली आणि तो उगाच काच पुसत बसला. मला जे येतं तेच मी केलं. कागद काढला. मी म्हटलं, अण्णा, ब्रेक उघडले नसते तर तुमचं विमान बाकीच्यांपेक्षा फार जोरात पडलं असतं. पुढच्या विमानावर चढलं असतं. कुणीतरी पाहिलं असेल.

"कोण पाहणार? वैमानिक खाली बघतो."

"पण गनर मागे तोंड करून बसतो ना?"

मी कागदावर काढून दाखवलं. विमान सरळ खाली पडत असताना मागे तोंड करून बसलेला माणूस खाटेवर उताणा पडल्यासारखा असतो, आकाशाकडे बघत. आणि त्याच्या बरोबर डोळ्यांसमोर, वरून खाली येणारं मागचं विमान. दुसऱ्या विमानाच्या गनरने तुमचं विमान पाहिलं असणारच. तुमच्या साहेबांचे ब्रेक उघडे होते की मिटलेले, हे जगात एकाच माणसाला ठाऊक असणार. मी विचारलं, "कोण होता तो?"

"थॉमस," तुम्ही म्हणालात. "कोट्टयमचा. सारखा गाणं म्हणायचा. मेला असेल आता." आणि खिडकीकडे तोंड केलंत.

पुढे जे केलं ते मी तुम्हाला न विचारता केलं. इंटरनेटवर जुन्या विमानांची आवड असलेल्या लोकांचा एक ग्रुप आहे. तिथे मी सगळं लिहिलं. थॉमस, कोट्टयम, व्हेंजन्स, दुसरं विमान. तुमचं नाव घातलं नाही, पण फिटर, तीनदा आणि दोनदा, हे घातलं. ग्रुपवाल्यांनी आपापल्या ओळखीत विचारपूस सुरू केली. तीन आठवड्यांनी मी ते तुमच्या घरी जेवताना सांगितलं. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल.

तुम्ही ताट बाजूला सारलंत. "माझी सही तू चव्हाट्यावर मांडलीस?"

"अण्णा, कळेल तरी."

"आणि कळलं की उघडले नव्हते, मग?"

मी म्हणालो, "मग तेही कळेल."

मंदाकाकू मधे पडल्या, "अण्णा, पोरगं आहे ते, त्याच्या मनात वाईट नाही." तुम्ही त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणालात, "तू इंजिनिअर होणार. तुझं उत्तर आलं की तुझं काम झालं. मला ते घेऊन जगायचंय. ऊठ, नीघ."

मी निघालो. बसमध्येही तुम्ही दिसेनासे झालात. मी दहाची बस पकडून दोनदा सगळी फेरी मारली, तुम्ही नव्हतात. अण्णा, 'मग तेही कळेल' हे मी फार सहज म्हणालो. त्याबद्दल माफी मागतो. लिहिल्याबद्दल मात्र नाही मागत. साठाहून जास्त वर्षं तुम्ही एका न झालेल्या तपासणीखाली दबून राहिलात. मला ते मान्य नव्हतं, आजही नाही. पण त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर माझ्याजवळ धीर होता आणि शहाणपण नव्हतं.

त्यानंतर तुमच्या छातीत कफ झाला आणि तुम्हाला हॉस्पिटलमध्ये नेलं. ग्रुपवरून काही उत्तर नव्हतं. एका दुपारी मंदाकाकू प्रयोगशाळेत आल्या. मी पाण्याच्या बोगद्यात, म्हणजे प्रवाहाच्या प्रयोगाच्या लांबट टाकीत, पट्टी बसवत होतो, कोपरापर्यंत ओला. त्या खुर्चीवर बसल्या, कोट न काढता.

"सुनील, एक काम करशील? अण्णांना सांग की उत्तर आलं. ब्रेक उघडे होते म्हणून सांग."

"आलं नाही ना काकू अजून."

"मला माहितीये आलं नाही. ते झोपेत हात हलवतात. असे, उघडझाप. डॉक्टर म्हणतात आता फार दिवस नाहीत. तू सांगितलंस तर ते खरं मानतील. माझं नाही मानणार."

अण्णा, मी नाही म्हणालो. तुमच्या मुलीला, जिने मला दीड वर्ष दर रविवारी जेवू घातलं, तिला मी नाही म्हणालो. माझे वडील गाडीचे ब्रेक जोडून झाले की पहिल्या चक्करला स्वतः दारात उभे राहतात, आणि तपासल्याशिवाय सही करत नाहीत. डेपोत त्यांना त्यावरून चिडवतात. आणि तुम्ही एका न केलेल्या तपासणीसाठी सगळं आयुष्य जागे राहिलात. तुम्हाला मी न तपासलेली गोष्ट सही करून कशी देणार होतो? मी काकूंना एवढंच म्हणालो, "त्यांना फसवायला मला जमणार नाही." काकू रडल्या. "तुम्ही दोघंही सारखे हट्टी," म्हणाल्या आणि गेल्या.

घरी येऊन मी निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "यार, म्हातारा माणूस आहे. एक वाक्य बोलायला काय झालं असतं?" मी त्याच्याशीही भांडलो. पण रोज सकाळी कॉम्प्युटर उघडताना वाटायचं, त्याचंच बरोबर असेल तर? काहीच आलं नाही तर तुम्ही तसेच जाल, आणि ते माझ्यामुळे.

तुम्ही गेलात त्या दिवशी घरी पंचवीस-तीस माणसं आली होती. सगळे म्हणत होते, मोठं आयुष्य मिळालं, सुटले, शांत गेले. कुणी म्हणालं, लढाईत विमान चालवलं होतं त्यांनी. मी कोपऱ्यात बूट काढण्याच्या जागी उभा होतो. मला ओरडावंसं वाटलं, सुटले काय, त्यांना कुणी सोडलंच नव्हतं. आणि विमान चालवलं नव्हतं. ज्यांनी चालवलं त्यांचा जीव यांच्या बोटांवर होता, आणि तरी चौकशीचा निकाल यांना कुणी सांगितला नाही, कारण हे फिटर होते. तिथे ओरडलो नाही. इथे लिहितोय. व्हेंजन्सला पुस्तकांनी फसलेलं म्हणून दोन ओळींत गुंडाळलं, आणि ज्यांनी ते चिखलातून रोज उडवलं त्यांना तर अर्धी ओळही दिली नाही. ही त्यांची ओळ आहे. ती कुणी कापायची नाही.

माझा थीसिस पुढच्या महिन्यात पुरा होतोय. पहिल्या पानावर आभार लिहितात, तिथे तुमचं नाव घालणार आहे. पुढे 'फिटर' असं लिहून. प्रोफेसरांनी विचारलं, हे कोण? मी सांगितलं, भोकं कशासाठी असतात हे ज्यांना माझ्याआधी माहीत होतं ते.

तुम्ही जाण्याच्या दोन दिवस आधीची सकाळ. प्रयोगशाळेत कॉम्प्युटर उघडला तर कोट्टयमहून ईमेल होती. थॉमस यांच्या नातीने टाइप केलेली. ग्रुपमधल्या कुणीतरी त्यांच्या चर्चच्या ओळखीतून पत्ता काढला होता. आजोबांना आता दिसत नाही, ते बोलले तसं मी लिहिलंय, असं तिने वर म्हटलं होतं. मी खुर्चीत न बसता वाचली. मग काकूंना फोन लावला. त्या तुमच्याजवळच होत्या.

"काकू, उत्तर आलंय. खरं आलंय. फोन त्यांच्या कानाला लावा."

"काय आहे त्यात? वाईट असेल तर नको."

"लावा, काकू."

तुमचा श्वास ऐकू यायला लागला, घरघरता. मी म्हटलं, अण्णा, सुनील बोलतोय, कोट्टयमच्या थॉमसांचं पत्र वाचतो. आणि मराठी करत करत वाचलं.

'मी उताणा होतो. तुमचं विमान माझ्या बरोबर वर होतं. पंखांवर ब्रेक कंगव्यांसारखे उभे होते, वर दोन, खाली दोन, चारही. आमच्यातलं अंतर शेवटपर्यंत तेवढंच राहिलं. मग खालून गोळ्या आल्या आणि त्याच्या इंजिनातून धूर निघाला. चौकशीत मी हे सगळं सांगितलं होतं. फिटरला कुणी कळवलं नाही का?'

मी थांबलो. मी पुन्हा वाचलं, 'वर दोन, खाली दोन, चारही.' काकूंचा हुंदका ऐकू आला. आणि मग तुमचा आवाज, दोन महिन्यांनी, अगदी बारीक, पण मला स्पष्ट कळला.

"म्हणजे तिसऱ्यांदा उघडले."